पुरून उरलेलं दूध

चांगुणाचं बाळ आता रडत नव्हतं. नुसतं तोंड उघडत होतं.

पाझर तलावाच्या कामावर दुपारची सुट्टी झाली होती. बाया बाभळीच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या होत्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष. चांगुणाचं दूध आटलं होतं, घरची शेळी आटली होती, आणि भाताची पेज बाळाच्या पोटात ठरत नव्हती. नवरा, गहिनीनाथ, जनावरं घेऊन लांबच्या छावणीवर गेला होता. तिनं बाळाला पुन्हा छातीशी धरलं. त्यानं एकदा ओढून पाहिलं आणि मान वळवली.

वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायांचा घोळका जरा अंतरावर, उन्हातच बसला होता. सकाळभर मातीच्या पाट्या सगळ्यांच्या हातांतून फिरल्या होत्या. पाण्याचे माठ मात्र दोन होते. त्या घोळक्यातून लंकाबाई उठली. तिची तान्ही लेक पिऊन झोळीत झोपली होती. ती सावलीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"आक्का," ती चांगुणाच्या सासूला, बनुबाईला म्हणाली, "माझ्या पोरीला पुरून उरतंय. द्या लेकराला माझ्याकडं."

चांगुणानं सासूकडं एकदा पाहिलं, उठली आणि बाळ लंकाबाईच्या ओटीत ठेवलं. बनुबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं. तीच तिची परवानगी.

बाळानं आधी नाक घासलं. मग धरलं. एक घोट, दुसरा, मग घाईघाईनं. त्याची मिटलेली मूठ हळूहळू सुटली. चांगुणा तिथंच मातीत बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

बाभळीखाली कुणीच भाकरी मोडत नव्हतं.

कुणी ओरडलं नाही. बनुबाईची शेजारीण मुक्ताबाई आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "जसं दूध, तसं रगात."

"काय खात्यात, काय पित्यात, तेच उतरतं की," दुसरी म्हणाली.

तिसरी हसली. "आता बनुबाईच्या घरचं पानी चालतंय का न्हाई, तेवढं इचारून ठेवा."

बनुबाईनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. कुणीतरी नजरेला नजर देईल म्हणून ती जरा थांबली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मग ती उठली.

"आन इकडं."

"आत्याबाई, पिऊ द्या हो. आत्ता तर लागलंय."

"आन म्हनते ना!"

लंकाबाईनं बाळाला सोडवलं नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "आक्का, हितं नको तर नको. सांजच्याला वढ्याच्या अंगाला येते मी. कुनाला कळायचं न्हाई."

"समद्यांनी बघितलंय आता," बनुबाई म्हणाली.

तिनं बाळाला ओढून घेतलं. त्याच्या हनुवटीवर दूध ओघळलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं. मुक्ताबाई सरकली, आपल्याशेजारी तिला जागा करून दिली. "बस, बनुबाई. दोन घास खा."

दिवे लागायच्या सुमाराला चांगुणा बाळाला पदराखाली घेऊन घराबाहेर पडली. गल्लीत दारोदारी एकेक बाई उभी होती. कुणी काही विचारलं नाही. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि माघारी आली.

त्याच आठवड्यात बाळ गेलं.

बाया भेटायला आल्या. घरोघरी चूल जेमतेम पेटत होती, तरी प्रत्येकीनं आपल्यातली चतकोर भाकरी पदराखाली आणली होती. चांगुणा भिंतीला टेकून बसली होती. तिनं कुणाकडंच पाहिलं नाही.

"त्याचं आयुष्यच तेवढं हुतं, बाई," मुक्ताबाई म्हणाली.

बनुबाईनं मान वर केली.

"तवा एकीनं जरी म्हनलं असतं, ऱ्हाऊ दे बनुबाई, पिऊ दे लेकराला... तर म्या काय काढून घेतलं असतं व्हय?"

भिंतीकडची एकजण म्हणाली, "माझ्या मनात आलं हुतं."

"माझ्याबी," दुसरी म्हणाली. "पर तुमी समद्या गप हुता."

मुक्ताबाईनं डोळ्यांना पदर लावला. "मला वाटलं, तुमी समद्या आता बोलनार. आन मी शेजारीन. गप ऱ्हायले तर माझ्यावरबी येनार. म्हनून म्याच आदी बोलले."

चांगुणा उठली. बायांमधून वाट काढत दाराबाहेर आली.

अंगणापलीकडं, काट्यांच्या कुंपणाबाहेर लंकाबाई बसली होती. सकाळपासून बसली असावी. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. तिची लेक तिच्या अंगावर पीत होती. चांगुणाला समोर पाहताच तिनं लेकीला झटक्यात बाजूला केलं आणि चोरी सापडल्यासारखा पदर ओढून घेतला. लेक हात झाडत रडू लागली.

घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्या बघत होत्या.

चांगुणानं कुंपण ओलांडलं. लंकाबाईच्या अंगाला अंग लावून मातीत बसली.

"पिऊ दे," ती म्हणाली.