ट्रेमधलं शेवटचं पाकीट

कारखान्यातल्या सगळ्यांत लहान शिवणारीने, धाकटीने, पगाराचं पाकीट बोटांनी चाचपलं. याही शनिवारी ते जाडच होतं.

तिने ते झटकन पिशवीच्या तळाशी सारलं. पाकीट कारखान्यात उघडायचं नाही, घरी जाऊन उघडायचं, हा दप्तरांच्या त्या कारखान्याचा साहेबांच्या वडिलांपासूनचा रिवाज. कुणाला किती, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. हल्ली तर सगळेच आपापलं पाकीट लगबगीने आत सारत. अर्ध्या पगाराची लाज वाटावी तसे.

सहा आठवड्यांपूर्वी साहेब मधल्या टेबलाशी उभे राहिले होते. शेजारी कर्ज दिलेल्या बँकेचा माणूस, साहेबांच्या हातात कागद. शाळेतल्या मुलासारखा त्यांनी तो एका सुरात वाचून दाखवला. मागणी निम्म्यावर आली आहे. कुणालाही काढणार नाही, पण आजपासून पगार अर्धा. "सगळ्यांचा. माझाही," एवढंच ते कागदावरून नजर उचलून बोलले. तेव्हापासून त्यांचं पाकीटही सगळ्यांच्या ट्रेमधूनच यायचं, सगळ्यांत शेवटी.

आणि तेव्हापासून धाकटीच्या पाकिटात मात्र पूर्ण पगार येत होता.

"कारकुनाची चूक," नवरा म्हणाला होता. त्याचं स्वतःचं काम सुटून चार महिने झाले होते. "गप्प बस. आता सांगायला गेलीस तर इतके दिवस का लपवलंस म्हणतील. आहे ती नोकरी जाईल. मग खायचं काय?"

त्याचंही खोटं नव्हतं. पहिल्या तीन आठवड्यांचे वरचे पैसे लेकीच्या दुधात आणि औषधात गेले. नंतरच्या पैशांना तिने हात लावला नाही. डब्यात ठेवून दिले.

इतरांचं बोलणं ऐकवत नसे. शेजारच्या मशीनवरच्या ताईला सगळे रेडिओताई म्हणत, कारण तिला बंद करायचं बटणच नव्हतं. "घरी सांगून टाकलंय मी, अर्ध्या पगारात अर्धाच स्वयंपाक! तर नवरा म्हणतो, मग भांडणही अर्धंच कर."

"मी चहातली साखर सोडली," कापणीच्या टेबलावरून कातरकाका म्हणत. "आता चहाच सोडायचा राहिलाय."

"हो ना, कसं भागवायचं!" धाकटीही सुरात सूर मिसळायची आणि मान खाली घालून दप्तराचा पट्टा शिवत राहायची.

सगळा राग साहेबांवर निघायचा. ते हल्ली गाडीऐवजी चालत येत. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणत. दुरुस्तीला गेलेलं घड्याळ मनगटावर परत आलंच नव्हतं. दुपारी काचेच्या खोलीत पाठ करून बसत आणि कोरडा पाव खात.

"नाटकं सगळी!" रेडिओताई फणकारायची. "पाकीट बघा कसं टम्म फुगलंय. हे अर्धं, तर पूर्ण केवढं असेल!"

कातरकाकांना तेवढं मात्र खपत नसे. "माझ्या हाताखाली शिकलाय तो. पोरवयात याच टेबलाशी उभा असायचा. कापड असो, कागद असो, कड अशी सरळ की अंगठा फिरवून बघावा."

बुधवारी रेडिओताईने धाकटीच्या मांडीवर एक पुडकं टाकलं. आत इवलेसे लाल बूट.

"लेकीची बोटं बाहेर दिसतात गं बुटातून. अर्ध्या पगारात एकच आणणार होते, पण दुकानदार मेला जोड फोडायला तयार होईना."

"ताई, तुमचंच भागत नाही…"

"शहाणपणा नको. ठेव."

संध्याकाळी लेक नवे बूट घालून घरभर टकटक फिरत राहिली. झोपतानाही काढू देईना. धाकटीने शेवटी ते तिच्या पायातच राहू दिले आणि पांघरूण ओढलं.

"शनिवारी सांगणार मी," ती नवऱ्याला म्हणाली.

"आणि नोकरी?"

"गेली तर दुसरी शोधीन. पण हे बूट रोज डोळ्यांपुढे नाचणार, आणि मी गप्प बसणार? नाही जमायचं मला."

त्याने उठून फळीवरचा डबा काढून तिच्या पिशवीशेजारी ठेवला.

शनिवारी दुपारी कारकून ट्रे घेऊन फिरला. ट्रेमध्ये साहेबांचं पाकीट तेवढं उरलं, तशी धाकटी उभी राहिली.

"मला बोलायचंय."

एकेक मशीन थांबलं.

"माझ्या पाकिटात पूर्ण पगार येतोय. पहिल्या आठवड्यापासून. चूक कुणाची का असेना, लपवली मी." तिने डबा मधल्या टेबलावर ठेवला. "तीन आठवड्यांचे खर्च झाले, ते फेडीन. काढून टाकायचं तर टाका. पण यातून आधी ताईंना बुटांचे पैसे द्या."

तिने रेडिओताईकडे पाहिलं. रेडिओताईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द निघत नव्हता. असं कधीच झालं नव्हतं.

"अगं," ती अखेर म्हणाली, "माझ्याही."

"काय माझ्याही?"

"माझ्याही पाकिटात पूर्णच येतो. मला वाटलं, माझ्या एकटीच्याच बाबतीत चुकलंय. म्हणून तर एवढी बोंबलत होते."

कातरकाकांनी कात्री खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. "साखर," ते म्हणाले, "सोडली नव्हती मी."

इस्त्रीच्या कोपऱ्यातून एक हात वर झाला. मग चेन लावणारीचा. मग एकेक करत सगळेच.

सगळ्यांच्या नजरा कारकुनाकडे वळल्या. कारकून ट्रेकडे बघत राहिला.

"मग यात काय आहे?" रेडिओताईने ते टम्म फुगलेलं शेवटचं पाकीट उचललं.

"ताई, नको…" कारकून पुढे झाला.

तोवर तिने ते फाडलंही होतं. टेबलावर दप्तरांच्या नमुन्यांचे खाकी कागद पसरले, नोटेच्या मापाचे, एकसारखे. कातरकाकांनी त्यातला एक उचलला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काचेच्या खोलीत पाठ करून पाव खाणाऱ्या माणसाकडे पाहत म्हणाले, "ही कापणी त्याच्याच हातची."