पहिल्या क्रमांकाचा सभासद

“तुझा बाप गेला आणि मला साधं कळवलंही नाहीस?” दार उघडताच एवारिस्तो देलियावर ओरडला. सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा, काठी टेकत सहा गल्ल्या चालून आलेला. धाप लागली होती, डोळे लाल झाले होते. हातात उनिओन सालादेरो या फुटबॉल क्लबचं नवंकोरं सभासदपत्र होतं आणि त्यावर भला मोठा एकचा आकडा होता.

देलिया त्याच्याकडे बघतच राहिली. “काका, बाबा मागे अंगणात बसलेत. संत्रं खातायत.”

एवारिस्तो दाराजवळच्या खुर्चीत मटकन बसला. त्याने कपाळाला, मग छातीला बोटं लावून क्रुसाची खूण केली आणि लगेच शिवी दिली.

सालादेरोत पुढच्या क्रमांकाचा सभासद मेला की मागचे सगळे एकेका आकड्याने पुढे सरकत. गेली नऊ वर्षं देलियाचा बाप निकानोर पहिला होता आणि एवारिस्तो दुसरा. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, रोसारियो शहरातल्या एकाच इस्पितळातला. दोघांचे बाप पोराचं तोंड पाहून थेट क्लबात नाव नोंदवायला धावले होते. एवारिस्तोचा बाप आनंदाच्या भरात वाटेत एक पेला घ्यायला थांबला, तेवढ्यात निकानोरचा बाप पुढे गेला. त्या एका पेल्यापायी एवारिस्तो जन्मभर एका आकड्याने मागे राहिला. “मी मेल्याशिवाय तुझा नंबर लागायचा नाही,” निकानोर त्याला भर स्टेडियममध्ये ऐकवायचा, “आणि मी काही मरत नाही, बेवड्याच्या पोरा!”

“मग हे काय आहे?” एवारिस्तोने सभासदपत्र देलियापुढे नाचवलं.

“क्लबाचं पत्र आलं होतं. शंभरावं वर्ष, म्हणून नवी यादी करतायत. ज्याने त्याने आपल्या हाताने सही करून पाठवायची.” देलिया ओट्याला टेकली. “बाबांनी पेन घेतलं आणि मला विचारलं, हे कशाबद्दल आहे? मी तीनदा सांगितलं. तीनदा विचारलं त्यांनी. मग मी कागद ठेवून दिला. सही नाही, म्हणून यादीतून त्यांचं नाव गळलं.”

“अगं, तू खरडायचीस ना सही! कोण बघायला येतंय?”

“सालादेरोच्या कागदावर खोटी सही? काका, ते शुद्धीवर असते तर मला घराबाहेर काढलं असतं.”

मांडीचं हाड मोडल्यापासून एवारिस्तो वर्षभर इकडे फिरकला नव्हता. फोनवर देलिया ‘थोडं विसरतात हल्ली’ एवढंच म्हणायची, आणि त्यालाही त्याहून जास्त ऐकायचं नव्हतं.

शनिवारी शताब्दीचा समारंभ होता. खाटीकखान्यात मांस खारवणाऱ्या मजुरांनी काढलेला क्लब, पुढे अकरा वेळा देशाचा विजेता झाला. त्या सगळ्याचा इतिहास जाडजूड पुस्तकात छापला होता आणि पहिली प्रत पहिल्या सभासदाला द्यायची होती. एवारिस्तोला ते पुस्तक नको होतं. निकानोरने उठून आपल्याला एक सणसणीत शिवी हासडावी, एवढंच त्याला हवं होतं.

तो अंगणात गेला. निकानोर उन्हात बसला होता, मांडीवर सालींचा ढीग.

“काय रे थेरड्या,” एवारिस्तो त्याच्या कानाशी वाकला, “बासष्टच्या अंतिम सामन्यात लेदेस्माने गोल डोक्याने मारला होता. बरोबर ना?”

डाव्या पायाने मारला होता. याच गोलावरून निकानोरने एवारिस्तोच्या लग्नात त्याची गचांडी धरली होती. एवारिस्तो गेली साठ वर्षं ‘डोक्याने’ म्हणत आला होता, ते केवळ निकानोर पेटावा म्हणून.

निकानोरने हनुवटीवरचा रस पुसला. “असेल. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.”

एवारिस्तोने सभासदपत्र त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. “हे बघ! एक नंबर! तू जिता असताना तुझा नंबर मी घेतला. हिसकाव ना! हिसकाव माझ्याकडून!”

निकानोर आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग खुर्चीचे हात धरून हळूहळू उभा राहिला. साली खाली पडल्या. त्याने डोक्यावरची टोपी काढली, उजवा हात विजारीला पुसला आणि पुढे केला.

“अभिनंदन, साहेब. पहिला नंबर म्हणजे खायचं काम नाही. कुठला क्लब म्हणालात?”

देलियाने तोंड फिरवलं. एवारिस्तोकडे अजून एक उपाय उरला होता. रुळांपलीकडच्या, सालादेरोच्या हाडवैरी एस्त्रेया क्लबचं नाव या घरात कुणी घेत नसे. होणारा जावई एकदा त्यांचा शर्ट घालून जेवायला आला, तेव्हा निकानोरने त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

“एस्त्रेया!” एवारिस्तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ते नाव शिवीशिवाय घेतलं होतं. तो श्वास रोखून वाट पाहू लागला.

निकानोरने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“चांगला क्लब आहे म्हणतात तो,” निकानोर म्हणाला. “नशीबवान आहात.”