न दिसणारं मोजताना

वडिलांचं तेरावं उरकून मी पुण्याला परतले, त्याला आज बावीस दिवस झाले. रडू आलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून खोलीतल्या टेबलाशी बसून संशोधनाला लागले. आई सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादरींच्या घड्या घालते. जेवणाच्या सुट्टीत तिचा रोज व्हिडिओ कॉल येतो.

"बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे की."

"काम काय करतीस गं एवढं?"

काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, "बारा अब्ज वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांमधला वायू मोजते. तो स्वतः दिसत नाही. मग त्याच्यासोबतचा दुसरा वायू बघायचा, तो दिसतो. त्यावरून न दिसणारा किती आहे ते कळतं."

आई स्क्रीनकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही, माझ्या मागं.

"मी बी तसंच करते की."

 

तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "निघताना दिलेली चादर तुझ्या मागं गादीच्या मधोमध दिसती. बावीस दिवस झालं, माझ्या हातची घडी अजून मोडली न्हाय. झोपतीस कुटं, पोरी?"