कालच धुतलेली गाडी

“गाडी कालच धुतलीये,” बाबा म्हणाले. मळ निघालाच, तर सोमवारी गाडी कॉलेजला मी नेणार, अशी लेकीची पैज होती. तिने त्यांच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली. “आता बॉनेटवर फिरवा.” बाबा दचकले. एरवी न जाणवणारी खरखर पिशवीतून तीन दिवसांच्या दाढीसारखी लागत होती. तिने साबणाचं पाणी फवारून रंगात रुतलेला मळ ओढून काढणाऱ्या क्लेचा, म्हणजे मऊ चिकणमातीसारखा, पांढरा गोळा हलकेच फिरवला. गोळा काळाकुट्ट झाला आणि पत्रा टकलासारखा गुळगुळीत. “अगं, एवढा मळ होता कुठे?” बाबांनी गोळा हिसकावला आणि जेवण विसरून संध्याकाळपर्यंत अख्खी गाडी घासली. आई म्हणाली, “इतक्या मायेने कधी माझी पाठ चोळली नाहीत!” सोमवारी लेक ऐटीत खाली आली. गाडीवर आईची दोन्ही ब्लँकेटं होती आणि बाबा समोरच्या बसस्टॉपवर. “पैज जिंकलीस,” ते बाकावर सरकून तिला जागा देत म्हणाले, “पण बाहेर धूळ किती आहे!”