पहिल्या बाकावरचे तात्याराव

“तात्यारावजी, ‘होल्ड युअर हॉर्सेस’?” मानसीने विचारलं.

“इडियम, मॅडम! जरा सबर करा!” तात्याराव पहिल्या बाकावरून एवढ्या मोठ्यांदा बोलले की मागच्या मुली हसल्या.

“आणि ‘द हॉर्स इज इन द फील्ड’?”

“लिटरल. घोडा म्हणजे घोडाच.”

“‘कूल, मॅन’?”

“स्लँग. आपल्या गल्लीतल्या पोरांच्या ‘क्या भिया’सारखं.”

तिन्ही उत्तरं बरोबर होती. तरी मानसीच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

छत्रीबागेतल्या तिच्या इंग्रजीच्या क्लासात पन्नाशीचे विद्यार्थी एकटे तात्यारावच. ते कामाला होते ती कापडमिल बंद पडली आणि घरी बसायची पाळी आली. पिथमपूरच्या एका नव्या कंपनीत गोदामावर माणूस हवा होता, पण तिथले साहेब सगळं इंग्रजीतच बोलत आणि तोंडी परीक्षा घेत. वाक्प्रचार कोणता, गल्लीतली बोली कोणती, सरळ अर्थाचं वाक्य कोणतं, हे ओळखून उत्तर द्यायचं. मागच्या खेपेला एक उमेदवार म्हणे घोडे शोधायला फाटकाबाहेर गेला होता. तात्यारावांची परीक्षा शनिवारी होती. या वयात दुसरी संधी कोण देतो? ही नोकरी मिळवायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं.

मानसीची अडचण वेगळीच होती. हा माणूस वहीत बघायचा नाही, फळ्याकडे बघायचा नाही. बघायचा तो तिच्या तोंडाकडे, टक लावून. सगळ्यांच्या आधी येऊन तेच बाक धरायचा. खिडकीचा पडदा सरकवून उजेड थेट तिच्या चेहऱ्यावर पाडायचा. ती फळ्याकडे वळली की “मॅडम, फिरसे बोला ना,” म्हणून तिला परत तोंड फिरवायला लावायचा.

सोमवारी तर कहरच झाला. सर्दीमुळे तिने नाकातोंडावर रुमाल धरला होता.

“मॅडम, रुमाल काढा ना जरा,” तात्याराव म्हणाले.

मुली खुसखुसल्या. मानसीला भयंकर संताप आला.

मंगळवारी तिने त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि दहा वाक्यं विचारली. दहाच्या दहा चुकली. रुसून मुद्दाम करतोय, असं तिला वाटलं. बुधवारी स्वारी पुन्हा पहिल्या बाकावर हजर.

“मागे जा.”

“इथंच बसू द्या, मॅडम. मागून मला जमत नाही.”

“मग येऊच नका.”

 तात्याराव वही उचलून निघून गेले. मानसीला हायसं वाटलं. एकट्या बाईने क्लास चालवायचा तर कडक राहावंच लागतं. मूग गिळून बसलं की लोक डोक्यावर मिरे वाटायला कमी करत नाहीत.

शुक्रवारी तात्यारावांची बायको, कांताबाई, क्लासच्या दारात उभी राहिली.

“बाई, उद्या परीक्षा आहे. आजच्या दिवस त्यांना बसू द्या. घरी आरशासमोर बसून वाक्यं घोकताहेत, जेवणाची पण सुध नाही.”

“काकू, स्पष्ट सांगते. ते सारखे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला नाही चालायचं ते.”

कांताबाईंनी मागे वळून पाहिलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“कंपनीत कळलं तर घेणार नाहीत, म्हणून कुणाला बोललो नाही, बाई. मिलमध्ये कापड विणायच्या साच्यांच्या त्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. दस साल झाले, त्यांना काहीच ऐकू येत नाही.”