रांगेतली तिसरी

फोडलेला कांदा, मातीत पडलेला.

कापडी फलक, एक कोपरा सुटलेला: मुलींची तालुका कबड्डी, २००४.

पिंपळाखाली एक पोरगी ओकते आहे, दुसरी तिच्या वेण्या धरून उभी.

"आई, तू जेवलीस का?"

लाल अठरा, निळा एकवीस.

कर्ण्यातून हा आकडा आला तसं कळंबचं मैदान ओरडलं, पण जानकाबाईचं लक्ष आकड्याकडं नव्हतं. तिची लेक स्नेहा तळेघरच्या लाल संघात होती. मघाशी तिनं निळ्यांच्या एका दांडग्या पोरीला पकड घातली. ती पोरगी तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत गेली आणि सुटली. सुटताना तिचा गुडघा स्नेहाच्या कानशिलात बसला, डोकं धाडकन भुईवर आपटलं. स्नेहा बाद झाली. उठली, कपडे झटकले, आणि ताठ चालत जाऊन निळ्या पोरींच्या रांगेत बसली.

अख्खं मैदान हसलं. जानकाबाईचा नवरा खंडूही हसला. "पार्टी बदलली काय गं हिनं?" म्हणाला.

चांगदेव सर पोरींना खेळ शिकवायचे. त्यांनी तिला दंडाला धरून आणलं, कांदा फोडून नाकाशी धरला आणि आपल्या बाद पोरींच्या रांगेत बसवलं. तिसरी.

जानकाबाई दोरीपाशी जाऊन वाकली.

"आई, तू जेवलीस का?"

"जेवले."

स्नेहानं मैदानाकडं पाहिलं. मग वळली. "आई, तू जेवलीस का?"

असं तीनदा झालं.

आकडा अजून तोच. लाल अठरा, निळा एकवीस.

"सर, हिला आत घेऊ नका."

"ताई, पोरगी शुद्धीवर हाय. बसलीय की नीट."

"राखीव पोरगी घ्या ना."

सरांनी पिंपळाकडं बोट केलं. राखीव पोरीला जीपच्या वळणांनी गाडी लागली होती, ती सकाळपासून तिथंच होती. "आणि त्या खुर्च्या बघा. जिल्ह्याचा संघ निवडणारे हायेत. आज ही आत गेली न्हाई तर पुढं कोण विचारतंय?"

"आख्ख्या तळेघरला सांगून आलोय मी," खंडू म्हणाला. "आन डोक्याचं काय घिऊन बसलीस? माजं दोनदा फुटलंय. काय झालं मला?"

"त्येच म्हन्ते मी."

मागं कुणीतरी फिदकन हसलं. खंडू जागचा हलला नाही.

आता सगळं त्या रांगेवर होतं. आपल्या संघाला एक गुण मिळाला की बाद झालेल्यांतली पहिली उठते आणि परत आत जाते. आणखी एक मिळाला की दुसरी. स्नेहापुढं दोघी होत्या. लाल संघ हरत राहिला तर पोरगी बसून राहणार होती.

लाल संघाची प्राची चढाईला निघाली. याच प्राचीला जानकाबाईनं सकाळी जीपमध्ये आपल्या हातानं भाकरीचा घास भरवला होता. ती वाऱ्यासारखी गेली, एकीच्या खांद्याला बोटं लावून आली.

लाल एकोणीस.

रांगेतली पहिली उठली. दुसरी पुढं सरकली. स्नेहाही सरकली, जरा उशिरानं, शेजारणीनं ओढल्यावर.

निळी पोरगी आली, रिकामी गेली. पुन्हा प्राची. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कबड्डी कबड्डी कबड्डी. निळ्या पोरींनी हात गुंफून तिला कोपऱ्यात घेतलं.

"धरा गं तिला," जानकाबाई म्हणाली.

आजूबाजूच्या माना वळल्या.

"धरा ना. सोडू नका."

"आगं ए, आपली पोरगी हाय ती," खंडू दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं बघत्यात."

"बघू देत."

अजून एक पोरगी मध्ये आहे, हे ती मनाशी घोकत होती. एक गुण आला तर दुसरी उठेल. स्नेहा बसेल. तेवढ्यात काहीतरी सुचेल, किंवा शिट्टी वाजून खेळ संपेल.

प्राचीनं खाली डुबकी मारली, गुंफलेल्या हातांखालून निघाली आणि रेषेवर आडवी पडली. पंचांनी हात वर केला. दोन बोटं.

लाल एकवीस.

रांगेतल्या उरलेल्या दोघी एकदमच उठल्या.

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. सरांनी स्नेहाची पाठ थोपटली. "जा वाघिणी." खंडूनं खुर्च्यांकडं पाहिलं. स्नेहा दोन पावलं चालली, थांबली, दोन्ही बाजूंची अंगणं तिनं पाहिली. कुठल्या बाजूला जायचं ते तिला ठरवता येईना.

जानकाबाई दोरीखालून आत शिरली. पदर खुंटीला अडकला, टर्रकन फाटला. चुन्याची रेघ ओलांडून तिनं लेकीला मागून कमरेत धरलं, भुईत टाचा रोवल्या आणि मागं खेचलं.

पंचांची शिट्टी वाजू लागली. कर्णा बायकांनी मैदान सोडावं म्हणून ओरडू लागला. "जानके, सोड तिला," खंडूचा आवाज आला. तिनं कवळ आणखी घट्ट केली.

स्नेहानं मागं वळून पाहिलंच नाही. आपल्याला कुणीतरी पकड घातली एवढंच तिला कळलं असावं. श्वास कोंडून ती "कबड्डी कबड्डी" म्हणू लागली, आडवी झाली, आणि हात लांब करून बोटांनी मध्यरेषा शोधू लागली.

स्नेहाला पहिली पकड जानकाबाईनंच शिकवली होती, पोरगी पाचवीत असताना, खळ्यात भाताचा पेंढा अंथरून.