कणकेचा गोळा

“कणकेचा गोळा तेलात बुडवून लेकराच्या पाठीवर हलक्या हातानं फिरव, लव निघून येती.” सासूचं हे सांगणं आठवत प्रयागबाई आठव्या महिन्यात जन्मलेल्या नातीला न्हाऊ घालत होत्या. तिच्या डोक्यावर केस नव्हते, खांद्यांवर मात्र लव दाट होती. तिनं इवल्या मुठीत आजीचं बोट धरलं, तेव्हा प्रयागबाई सटवाईला बोलून गेल्या, “हिचा पहिला केस तुझाच, आई.” नवव्या दिवशी पोर दूध ओढेना, परतूरचा दवाखाना गाठेपर्यंत अंग गार पडलं. आज दुपटी आवरताना न्हाणीच्या कोनाड्यात टाकायचा राहिलेला गोळा सापडला, वाळलेला, बारीक केस चिकटलेला. त्यांनी तो पदरात बांधला. “आत्या, सटवाईनं आपलं ऐकलं न्हाई, मंग कशाला चालल्या?” सून भिंतीकडं तोंड करून म्हणाली. “बोलले होते ना, बाई,” म्हणत त्या अनवाणीच सटवाईच्या वाटेला लागल्या.